आभाळ फिरलं तर होडीत काय करायचं?

माझ्या मामांचं गाव नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्याला लागून आहे. समोरच्या काठावर मामींचं माहेर. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, होडीने पाऊण तास. मी तेरा वर्षांचा असताना मे महिन्यात तिकडच्या एका लग्नाहून आम्ही नऊ जण होडीने परत निघालो. दुपारचे साडेतीन, ऊन रणरणतं, पाणी ताटात ओतल्यासारखं सपाट. अर्ध्यावर आलो आणि अंगावर येणारा गरम वारा एकदम पडला. नावाड्याने वल्हं थांबवलं आणि तो मागे वळून बघायला लागला. दोन-तीन मिनिटांत पाठीमागून गार वारा आला, धूळ आली, आणि जिथे तरंगही नव्हता तिथे लाटा काठावरून आत यायला लागल्या. त्याने सगळ्यांना फळीवरून उठवून होडीच्या तळाशी बसवलं. मामांनी लग्नातल्या बुंदीचा डबा पाण्यात रिकामा केला आणि त्याच डब्याने पाणी उपसायला घेतलं. शेवटी गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर कुणाच्या तरी उसाच्या वावराला जाऊन लागलो. पाऊस त्यानंतर वीस मिनिटांनी आला, नुसता भिजवायला. जिवावर उठला होता तो त्याच्या आधीचा वारा.

मराठवाड्यात आपली सगळी काळजी धरणात किती टक्के पाणी आलं याची. भरलेल्या धरणाला कसं वागवायचं हे कुणी शिकवत नाही. नाथसागर असो, माजलगाव, येलदरी किंवा इसापूर, पुढच्या गोष्टी सगळीकडे लागू पडतात.

आधी हे पाणी कसं आहे ते समजून घ्या

पैठणचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं. त्याचा जलाशय साधारण ५५ किलोमीटर लांब आणि रुंद भागात २७ किलोमीटर आहे. पूर्ण भरल्यावर पाणी पसरतं सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर, आणि साठा असतो २,९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली निघते जेमतेम सव्वाआठ मीटर. म्हणजे समुद्राएवढं मोकळं, पण परातीसारखं उथळ.

धोका या दोन्हींच्या जोडीत आहे. वाऱ्याला अडवायला मध्ये डोंगर नाही, झाड नाही. तो जितकं अंतर पाण्यावरून धावतो तितकी लाट मोठी होत जाते. पाणी उथळ असल्याने ती समुद्रासारखी लांबलचक न राहता आखूड, उभी आणि जवळजवळ येते. एका लाटेवरून होडी खाली येते न येते तोच दुसरी थडकते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, हेही लक्षात ठेवा. ‘थोडा वारा वाढलाय’ हा शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी शेजारच्या उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी अशाच सुसाट वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला, एक जण पोहून काठाला लागला. रोजच्या ये-जा करण्याच्या वाटेवर हे घडलं.

पायरी पहिली: वेळ निवडा

एप्रिलपासून मृग लागेपर्यंत वळवाचे ढग बहुतेक दुपारनंतर उठतात. या दिवसांत पाण्यावरचं काम सकाळी लवकर सुरू करून बाराच्या आत आटपायचं. सकाळीच घामाच्या धारा लागल्या, हवा कोंदली आणि दहा-अकरालाच क्षितिजावर फुलकोबीसारखे ढग वर चढताना दिसले, तर त्या दिवशी दुपारी निघूच नका. लग्न चुकलं तर पाहुणे रुसतील. रुसू द्या.

जून ते ऑगस्टचा वारा वेगळा. तो पश्चिमेकडून येतो, अचानक कमी पण दिवस-दिवस टिकून. पैठणचं धरण जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे, त्यामुळे लाटा लांबून जमत येतात आणि धरणाच्या दगडी पिचिंगवर आपटतात. इंजिन बंद पडलेली होडी त्याच दगडांवर जाते. पावसाळ्यात दरवाजे सुटण्याचीही शक्यता असते, म्हणून भिंतीच्या आणि सांडव्याच्या आसपास फिरकायचं नाही. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना वाऱ्यापेक्षा पहाटेचं धुकं नडतं. काठ दिसेपर्यंत थांबा. रोहित पक्षी कुठे जात नाहीत.

पायरी दुसरी: अंदाज बघा, पण नीट

हवामान खात्याचे जिल्हावार इशारे हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगात असतात. पिवळा म्हणजे ‘काही नाही’ असं आपण धरून चालतो. छोट्या होडीसाठी मेघगर्जनेसह वाऱ्याचा पिवळा इशाराही पुरेसा आहे. त्याहून कामाचा असतो पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज. निघण्याच्या अर्धा तास आधी तो बघा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते फोनमध्ये असू द्या. पाण्याच्या मध्यावर रेंज जाते, तेव्हा काठावरच्या एकाला ॲप बघत बसवलेलं बरं.

पायरी तिसरी: होडीत पाय ठेवण्याआधी

सगळे बसल्यावर होडीचा काठ पाण्यापासून किती वर राहतो ते बघा. वीतभरच उरला असेल तर दोघा-तिघांनी उतरायचं. मोटारसायकल, खताची पोती, बकऱ्या हेही वजनच. इंजिनाच्या होडीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नोंदणी आणि तपासणी लागते. फुगवट्यावरच्या किती होड्यांकडे कागद असतो, ते काठावर जाऊन विचारून बघा.

लाइफ जॅकेट अंगात हवं. फळीखाली ठेवलेलं जॅकेट बुडताना घालता येत नाही, लाटेत तर अजिबात नाही. सगळे पट्टे आवळा, मग कुणाला तरी दोन्ही खांदे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे किंवा तुमच्या मापाचं नाही. मोठ्या माणसाचं जॅकेट पोराला घालून समाधान मानू नका. पाण्यात पोर त्यातून निसटतं. जॅकेट मिळालंच नाही तर घट्ट झाकण लावलेला रिकामा कॅन प्रत्येकाजवळ बांधून ठेवा. त्याला जॅकेटची सर नाही, पण हाताशी काहीच नसण्यापेक्षा बरा.

गमबूट काढा, साडीचा पदर आणि निऱ्या नीट खोचा, बॅगेचा पट्टा गळ्यात अडकवू नका. मुलाला स्वतःच्या अंगाला किंवा होडीला बांधायचं नाही. सोबत एक लांब दोर, एक बादली आणि पाणी उपसायला डबा ठेवा, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. किती जण, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत, हे काठावर एकाला सांगून जा. आणि नावाडी प्यालेला वाटला तर भाडं देऊन परत फिरा. भांडायचं नाही, बसायचंही नाही.

पायरी चौथी: पाण्यावर नजर कुठे ठेवायची

गप्पा मारत बसायला हरकत नाही, पण एकाची नजर आभाळावर हवी. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला आणि बूड काळंनिळं झालं, की परत फिरण्याची वेळ झाली. खाली येणारी गार हवा जमिनीला आपटून चारी बाजूंना पसरते आणि पावसाच्या कितीतरी पुढे धावते. म्हणून तीन खुणा ओळखून ठेवा: चालू वारा अचानक पडणं, उकाड्यात गार झुळूक येणं, ओल्या मातीचा वास. काठावर आपण या वासाने खूश होतो. होडीत तो आला तर समजा, हातात मिनिटं उरली आहेत. दूर पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसला तर तो वाराच असतो.

हिशोब करून बघा. वल्ह्याची होडी तासाला तीन-चार किलोमीटर जाते, ढग तीस किलोमीटर सहज सरकतो. काठ दोन किलोमीटरवर असेल तर तुम्हाला अर्धा तास लागेल आणि ढग तेवढ्यात पंधरा किलोमीटर कापेल. म्हणून ठरलेल्या गावाचा हट्ट सोडा आणि सगळ्यात जवळचा काठ गाठा. गाळपेराचं चिखलाचं रान असलं तरी चालेल.

पायरी पाचवी: वाऱ्याने गाठलंच तर

सगळ्यांनी खाली, तळाशी, मधोमध बसायचं. उभं राहायचं नाही, एका बाजूला झुकायचं नाही, लाट बघायला तर मुळीच नाही. बहुतेक होड्या लाटेपेक्षा घाबरून एका कडेला गेलेल्या माणसांमुळे कलंडतात.

लाट बाजूने घेऊ नका. होडीचं टोक लाटेकडे, किंचित तिरकं ठेवा आणि इंजिन कमी वेगात चालू ठेवा. समोरून लाट घेताना काठ जवळ येत नाही म्हणून जीव कासावीस होतो, पण होडी टिकते. वाऱ्याच्या पाठीने जोरात पळायला गेलं तर मागची लाट होडीला आडवी फिरवते. वळायचंच असेल तर मोठ्या लाटा निघून जाईपर्यंत थांबा आणि मग एका दमात वळा. इंजिन बंद पडलं तर बादलीला दोर बांधून ती पुढच्या टोकावरून पाण्यात सोडा. तिच्या ओढीने टोक वाऱ्याकडे राहतं. पाणी उपसणं एकाकडे सोपवा आणि थांबू देऊ नका. आत साचलेलं पाणी होडी झुकेल त्या बाजूला धावतं आणि तिला आणखी झुकवतं.

काठाजवळ आल्यावर वेग कमी करा. फुगवट्यात बुडालेल्या बाभळींची खोडं, जुन्या वस्त्यांच्या भिंती, मासेमारीची जाळी आणि शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप-केबल असतात. पंख्यात जाळं अडकलं तर आधी इंजिन बंद, मगच हात. केबलला मात्र हात लावायचाच नाही, वीज गेली आहे असं कुणी शपथेवर सांगितलं तरी.

विजा सुरू झाल्या तर छत्री मिटा, वल्ही आडवी ठेवा, पाण्यात हात घालू नका. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागा. तेवढे किलोमीटर ती दूर. काठावर उतरल्यावर एकट्या चिंचेखाली किंवा बाभळीखाली जाऊ नका. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली गाडी गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.

पायरी सहावी: होडी उलटली तर

होडी सोडू नका. लाकडी होडी उलटून, भरूनही बहुतेक वेळा तरंगते. तिला धरून राहा, जमलं तर तिच्या पाठीवर चढा. पाण्यातून काठ जवळ दिसतो. चांगले पोहणारे या अंदाजाला फसतात. मोठ्याने नावं घेऊन मोजणी करा, पोरांना मध्ये घ्या.

काठावरच्यांनी उडी मारू नये. दोराला रिकामा कॅन किंवा घागर बांधून फेका, ११२ किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ लावा. होडी जिथे दिसेनाशी झाली तिथली सरळ रेष पलीकडच्या एखाद्या झाडाशी जुळवून लक्षात ठेवा. बचाव पथकांना यायला वेळ लागतो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे तळ धुळे आणि नागपूरला आहेत, राष्ट्रीय दलाचा पुण्याजवळ. तोपर्यंत गावातले भोई बांधवच खरे पथक असतात. त्यांना आधी हाक मारा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगून गरगर फिरवण्याची आणि पोट दाबून पाणी काढण्याची जुनी सवय सोडा. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास चालत नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्या. दर ३० दाबांनंतर दोन श्वास. १०८ ची गाडी येईपर्यंत दोघांनी आळीपाळीने करत राहायचं. माणूस उठून बसला, ‘मी बरा आहे, चहा द्या’ म्हणाला, तरी त्याला त्याच गाडीतून दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.