स्कॅन केलेली जुनी पुस्तकं टॅबवर वाचायची तर अ‍ॅप कसं निवडावं

आमचे आप्पा ऐंशीला टेकलेत. जन्मभर कीर्तनं केली, पण मोतीबिंदू काढल्यापासून बारीक टाइपाने त्यांचे डोळे दुखतात. म्हणून टॅब घेतला आणि इंटरनेट अर्काइव्ह या फुकट ऑनलाइन ग्रंथालयावरून त्यांना हवी असलेली जुनी पुस्तकं उतरवून दिली. पहिल्याच संध्याकाळी आप्पा म्हणाले, "अगं, अक्षर मोठं कर की जरा." मी अर्धा तास मेनू उलथापालथा केला.

मोठं होणार नव्हतंच. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. फॉन्ट वाढवणं, वाचून दाखवणं, शब्द शोधणं या सगळ्याला फोटोमागे मजकूर लागतो. तो आहे का हे बघायला एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. जुन्या मराठी पुस्तकांत पुष्कळदा तिथे नुसती अक्षरांची खिचडी उमटते. तसं झालं तर अ‍ॅपच्या जाहिरातीतली निम्मी वैशिष्ट्यं तुमच्या उपयोगाची नाहीत.

मग अक्षर मोठं कशाने होतं? समास कापल्याने. मी पट्टी घेऊन मोजलं. आपली डेमी आकाराची पुस्तकं साधारण १४ सेंटिमीटर रुंद असतात, आणि १० इंची टॅब उभा धरला की पडदा साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे अख्खं पान दाखवलं तर छापील पुस्तकापेक्षा अक्षर किंचित लहानच. त्याच पानावरचा मजकूर मात्र साडेदहा-अकरा सेंटिमीटरच असतो. चारी बाजूंचा कोरा कागद काढून टाकला की अक्षर सरळ सव्वापट होतं. तेव्हा अ‍ॅपमध्ये सगळ्यात आधी समास कापायची सोय बघा. ती पुस्तकभर आपोआप लागू झाली पाहिजे. दर पानाला दोन बोटांनी ताणत बसणं म्हातारी बोटं करत नाहीत, आणि त्यांनी करूही नये.

पारखायला तुमच्याकडची सगळ्यात वाईट फाइल घ्या. आमच्याकडे एका पुस्तकाची दोन-दोन पानं एकाच फोटोत, कागद पिवळा, कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. स्वच्छ पीडीएफ कुठल्याही अ‍ॅपमध्ये बरीच दिसते.

अँड्रॉइडवर मी तीन अ‍ॅप्स या फाइलवर चालवून पाहिली. रीडएरा सगळ्यात सोपं. समास कापतं, जोडपानाची दोन पानं करतं, डीजेव्हीयू (स्कॅन केलेल्या पुस्तकांचा पीडीएफसारखा आणखी एक प्रकार) फाइलही उघडतं, आणि फुकट असून जाहिराती नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यायचं तर हेच द्या. लिब्रेरातही या सोयी आहेत, शिवाय पानाचा उठाव (कॉन्ट्रास्ट) कमी-जास्त करता येतो. पण मेनूत बटणांची गर्दी फार.

केओरीडर मात्र अभ्यासूंसाठी. ते एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या दुकानात मिळतं. दिसायला रुक्ष, पण उठाव वाढवला की फिकट छपाई काळीभोर होते. यात आणखी एक सोय आहे: ते फोटोतले शब्द सुटे करून नव्याने ओळी लावतं, त्यामुळे मागे मजकूर नसतानाही अक्षर खरोखर मोठं होतं. शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरून ते शब्द ओळखतं. आपल्या शिरोरेघेने शब्द बांधलेला असतो, म्हणून सरळ स्कॅनवर हे छान जमतं. पान तिरकं असेल तर मात्र ओळी तुटतात, वेलांट्या वरच्या ओळीत जातात. तिथे ही सोय बंद ठेवा. प्रत्येक पुस्तकाची मांडणी ते वेगळी लक्षात ठेवतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कारण आप्पांची पोथी. पोथीचं पान आडवं. जोडपान तोडायची सोय चालू राहिली तर ओवी मधोमध चिरली जाते, अर्धी या पानावर, अर्धी पुढच्या. आप्पा अस्वस्थ झाले होते ते बघून. पोथीसाठी टॅब आडवा धरा, पान रुंदीला बसवा आणि तोडायची सोय बंद करा.

पान उलटायला वेळ लागला तर लगेच अ‍ॅप बदलू नका. अर्काइव्हच्या पीडीएफमधले फोटो फार दाबून भरलेले असतात, ते उलगडायला स्वस्त टॅबला दोन-तीन सेकंद लागतात. पिवळ्या कागदावर रात्रीचे उलटे रंगही (काळ्यावर पांढरी अक्षरं) लावू नका, पान निळसर गढूळ होतं. दिवा लावून पडद्याचा उजेड कमी करावा.

शेवटचं पानांच्या आकड्यांचं. आप्पांच्या टिपणवहीत "पान ११२" असं लिहिलेलं असतं आणि टॅबवर ११२ टाकलं की भलतंच पान उघडतं, कारण फाइल मुखपृष्ठ आणि प्रस्तावनाही मोजते. मी प्रत्येक पुस्तकाचा फरक एकदा मोजून फाइलच्या नावातच घालते: नाव, आणि पुढे "अधिक १४". आप्पा आता वहीतला आकडा बघतात, चौदा मिळवतात आणि थेट १२६ वर जातात.