मृत्युपत्रासाठी वकील नेमताना या चुका टाळा

मृत्युपत्र साध्या कोऱ्या कागदावर लिहिलं तरी चालतं. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही. करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही रीतसर झाली की कायद्याला पुरे. त्यामुळे एक फ्लॅट, थोड्या ठेवी आणि आपसात पटणारी दोन मुलं असं सरळ घर असेल, तर वकिलाचा आग्रह मी धरणार नाही. मात्र गावाकडे सामाईक जमीन असेल, दुसरं लग्न झालेलं असेल, एखादं अपत्य स्वतः कमावू शकत नसेल किंवा एखाद्या वारसाला मुद्दाम वगळायचं असेल, तर वकील हवाच. आणि पुढच्या बऱ्याच भांडणांचं मूळ तो वकील कोणी आणि कसा ठरवला यातच सापडतं.

वकील मुलाने आणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती बहुतेक वेळा चांगल्या हेतूने होते. वडील थकलेले, धाकटा जवळ राहतो, धावपळ तोच करतो. वकील त्याच्या ओळखीचा, फी त्याने भरलेली, बोलणं चालू असताना शेजारी तोच बसलेला, दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन जाणाराही तोच. आणि मृत्युपत्रात राहतं घर त्याच्याच नावे. वडिलांची इच्छा खरोखर तीच असेल. पण थोरल्या बहिणीने हरकत घेतली की ज्याला लाभ झाला त्याने मृत्युपत्र करवून घेण्यात किती पुढाकार घेतला, इथून उलटतपासणी सुरू होते. संशय घेण्याजोगी परिस्थिती असेल तर तो संशय फेडण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलं आहे.

म्हणून मुलाने फार तर दोन-तीन नावं सुचवावीत, आई-वडिलांना दारापर्यंत सोडावं आणि बाहेर बसावं. फी त्यांच्याच खात्यातून जाऊ द्यावी. वकील ज्येष्ठ माणसाशी एकट्याने बोलायला तयार नसेल, "मुलालाही आत बोलवा ना काका, पटकन उरकू" म्हणत असेल, तर दुसरा शोधा.

साक्षीदारांचंही तेच. ज्यांना काही मिळणार आहे ते किंवा त्यांचे नवरा-बायको साक्षीला नकोत. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबात तर साक्षीदाराला दिलेली देणगीच रद्द ठरते. पुढे निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागू शकतं, त्यामुळे करणाऱ्याच्याच वयाचे दोन मित्र घेणं शहाणपणाचं नाही. फॅमिली डॉक्टर साक्षीला मिळाले तर उत्तम.

फॉरमॅटवाला आणि वकील यांत फरक न करणं

निबंधक कार्यालयाबाहेर छापील मसुद्यात नावं भरून देणारे एजंट असतात. भाडेकराराला ते ठीक. मृत्युपत्राला नकोत. समोरच्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आहे का ते विचारा, क्रमांक लिहून घ्या. विचारल्यावर चांगल्या वकिलाला राग येत नाही.

जाहिरातीवर वकील शोधत बसू नका. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे इंटरनेटवर चमकणारं नाव म्हणजे कामाची खात्री नव्हे. आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतले जुने अधिकारी, सीए यांना विचारा. पण विचारताना "चांगला वकील सांगा" असं मोघम नको. वारसाहक्काचे दावे कोण चालवतं ते विचारा. ज्याने मृत्युपत्रं कोर्टात फाटताना पाहिली आहेत, त्याचा मसुदा वेगळा असतो.

वकील काय विचारतो, याकडे लक्ष न देणं

पहिल्या भेटीत त्याने सातबारा, फेरफार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) मागितलं का? मिळकत स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित, हे खोदून विचारलं का? हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत माणूस फक्त स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करू शकतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही त्यात जन्मतः हिस्सेदार आहेत. हे न तपासता "माझी सर्व शेती मुलास" असं लिहून देणारा वकील तुमच्या पैशाने दावाच लिहीत असतो.

एका वाक्यावरून पारख होते. समजा घर आहे, "फ्लॅट क्र. ७, दुसरा मजला". मुंबई-पुण्यात निम्म्या जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटच्या वाटेवर असल्यासारखं वाटतं. मृत्युपत्र केलं, मग इमारत पडली, नवा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, वेगळा क्रमांक, वेगळं क्षेत्रफळ. मृत्युपत्रातला फ्लॅट आता अस्तित्वातच नाही, असं म्हणायला वारस मोकळे. जाणता वकील "सदर सदनिका किंवा तिच्या बदल्यात मिळणारी सदनिका, हक्क वा मोबदला" असं घालतो, आणि शेवटी "याव्यतिरिक्त उरलेली सर्व मिळकत" कोणाला, तेही विसरत नाही. तसंच पत्नीला घर मालकीने द्यायचं की हयातभर राहण्यापुरतं, हे संदिग्ध ठेवत नाही.

आणखी दोन प्रश्न विचारून बघा. "नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?" याला "बरोबर आहे, नको" असं उत्तर आलं तर उठा. नॉमिनी मालक होत नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. दुसरा प्रश्न मुंबईकरांसाठी: प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, लागेल का? वर्षानुवर्षं उत्तर "हो" होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ वगळलं आणि ती सक्ती गेली. हे माहीत नसलेला वकील जुन्या वहीवर चालतोय.

"जवळचा" म्हणजे घराजवळचा, असं समजणं

वकील मिळकतीच्या जवळचा हवा. राहता ठाण्याला आणि जमीन सांगोल्याला असेल, तर मसुदा ठाण्यात होऊ द्या, पण जमिनीची कागदपत्रं तिथल्या वकिलाला दाखवा. गोव्याशी संबंध असेल तर गोव्यातलाच वकील गाठा. तिथे २०१२ चा स्वतंत्र वारसा कायदा आहे, साधारणपणे निम्मी मिळकत सक्तीच्या वारसांसाठी (ज्यांना सहजी वगळता येत नाही अशांसाठी) राखीव असते, आणि जोडीदाराचा हिस्सा लग्नाच्या वेळीच ठरलेला असतो. महाराष्ट्रातला मसुदा तिथे कामाचा नाही. मुस्लिम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही; त्याची माहिती असणारा वकील बघा.

"बक्षीसपत्रच करून टाका" हे ऐकणं

महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला मुद्रांक अवघा २०० रुपये (बऱ्याच ठिकाणी वर स्थानिक अधिभार), म्हणून हा सल्ला सर्रास मिळतो. मृत्युपत्र उद्या बदलता येतं, बक्षीसपत्र तसं मागे घेता येत नाही. सही केल्या दिवसापासून तुम्ही मुलाच्या घरात राहता. याचे तोटे न सांगता हा सल्ला देणारा कोणासाठी काम करतोय, याची शंका घ्या.

फीचं तोंडी ठरवणं

मसुदा, दुरुस्त्या, नोंदणीच्या दिवशी हजेरी, सगळं धरून एक रक्कम लिहून घ्या. मिळकतीच्या टक्केवारीवर फी मागितली तर नकार द्या. दाव्यात मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवायला तर वकिलांना मनाईच आहे. व्यवस्थापक (तुमच्यामागे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा) म्हणून वकील स्वतःचंच नाव सुचवत असेल तर घरातल्या किंवा विश्वासातल्या माणसाचा आधी विचार करा.

घोळ झालाच असेल तर

साक्षीदार वारले, फ्लॅट बदलला, वकील पसंत पडला नाही, तर जुन्यावर खाडाखोड करू नका. नवं मृत्युपत्र करा आणि आधीची सर्व रद्द केल्याचं त्यात लिहा. जुनं नोंदलेलं आणि नवं बिननोंदणीचं असलं तरी रीतसर केलेलं शेवटचंच चालतं. नवंही नोंदवून घेतलं तर बरं, नोंदणी फी १०० रुपये आहे. मूळ प्रत वकिलाकडे ठेवलीत तर पोच घ्या, आणि दस्त क्रमांक व कार्यालयाचं नाव व्यवस्थापकाला सांगून ठेवा. तुमच्या हयातीत नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल निबंधक कार्यालयातून तुम्हाला किंवा तुमच्या मुखत्यारालाच मिळते, इतरांना नाही.