निलंबित लायसन्स परत मिळवताना या चुका टाळा

लायसन्स निलंबित झाल्यावर बहुतेक जण पहिली चौकशी चलनाची करतात आणि ऑनलाइन दंड भरल्याची पावती मिळाली की प्रकरण मिटले असे समजतात. दंड आणि निलंबन या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 19 खाली परवाना प्राधिकाऱ्याने, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत आरटीओने, काढलेला आदेश दंड भरल्याने रद्द होत नाही. हेल्मेट न घालणे ही किरकोळ बाब वाटते, पण कलम 194ड मध्ये त्यासाठी 1,000 रुपये दंडासोबत तीन महिन्यांची अपात्रताही, म्हणजे तेवढा काळ गाडी चालवण्यास मनाईही, सांगितलेली आहे.

दुसरा घोटाळा जप्ती आणि निलंबन यांत होतो. वाहतूक पोलिसाने लायसन्स ताब्यात घेतले, तर कलम 206 नुसार तो पोचपावती देतो आणि ते परत मिळेपर्यंत, किंवा पावतीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, त्या पावतीवर गाडी चालवता येते. आमच्या ओळखीच्या एका टेम्पोचालकाने ती पावती मोबाइलच्या कव्हरमध्ये चार घड्या करून ठेवली होती. घामाने शाई फुटली, तारीख वाचता येईना आणि मुदत कधीच उलटून गेली हे त्यांना पुढच्या नाकाबंदीवर कळले. पावती मिळताच तिचा फोटो काढून ठेवावा. आरटीओचा अपात्रतेचा आदेश निघाल्यावर मात्र या पावतीचा आधार राहत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कारणे दाखवा नोटिशीकडे दुर्लक्ष करणे. कलम 19 नुसार आदेशापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात. परंतु लायसन्सवर जुना पत्ता असेल, तर नोटीस जुन्या घराच्या दाराशी पडून राहते आणि ती संधी हातची जाते. आदेश मान्य नसेल, तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते. या मुदतीत एजंटाच्या ‘साहेब, करून देतो’वर विसंबून राहू नये, आणि केवळ अपील दाखल केले म्हणून गाडी बाहेर काढू नये.

निलंबनाच्या काळात लायसन्स हरवल्याचे सांगून दुय्यम प्रत मागण्याचा किंवा दुसऱ्या जिल्ह्यात नवे काढण्याचा सल्ला देणारे भेटतातच. सारथी या लायसन्सच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत नोंद देशभर एकच असते, आणि अपात्र असताना गाडी चालवणे किंवा नव्या लायसन्ससाठी अर्ज करणे यास कलम 182 नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यातच अपघात झाला, तर विमा कंपनी वैध लायसन्स नसल्याचा मुद्दा काढते.

मुदत संपली की लायसन्स आपोआप हातात येईल, हाही गैरसमजच. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 19 नुसार ते परत मिळण्याआधी चालकाला उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. हे प्रशिक्षण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये, कारण प्रमाणपत्र नसेल तर तीन महिन्यांचे चार कधी होतात ते कळत नाही. आदेश न्यायालयाचा असल्यास आरटीओच्या खिडकीवर वाद घालून उपयोग नाही. त्याविरुद्धची दाद न्यायालयातच मागावी लागते.

कार्यालयात जाण्यापूर्वी लायसन्सच्या वैधतेची तारीख जरूर पाहावी. दरम्यान ती संपली असेल, तर नूतनीकरण वेगळे करावे लागते, आणि संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, तर चाचणी पुन्हा द्यावी लागते.