ग्नू रेडिओ: टेस्ट पास, तरी मॉड्यूल सापडत नाही

ग्नू रेडिओत (सॉफ्टवेअरने रेडिओ सिग्नल हाताळायचं मोफत साधन) स्वतःचं मॉड्यूल, म्हणजे आपल्या ब्लॉकचा जोड-संच, लिहायला घेतलेले बहुतेक जण जिथे अडकतात, तिथे त्यांच्या सिग्नल प्रोसेसिंगच्या कोडचा काहीच दोष नसतो. कोड कंपाइल होतो, टेस्ट पास होते, ‘मेक इन्स्टॉल’ बिनतक्रार संपतं. मग कंपॅनियनमध्ये, म्हणजे ग्नू रेडिओच्या चित्रमय खिडकीत, फ्लोग्राफ (ब्लॉक जोडून केलेली आकृती) चालवला की पायथन सांगतो, असं मॉड्यूलच नाही. अशा वेळी कोडला हात लावू नका. मशीनवर ग्नू रेडिओच्या किती प्रती आहेत आणि त्यातली कुठली चालतेय, हे आधी शोधा.

त्याआधी व्हर्जनचं बघून घ्या, कारण नेटवरची बरीच ट्युटोरियल्स जुन्या व्हर्जनची आहेत. ३.७ पायथन २ वर चालायचं आणि ब्लॉकची माहिती एक्सएमएलमध्ये असायची. २०१९ मध्ये आलेल्या ३.८ पासून पायथन ३ आणि यामल (माहिती लिहायची दुसरी पद्धत) आलं. २०२१ च्या ३.९ मध्ये सी++ कोड पायथनला जोडणारं स्विग जाऊन पायबाइंड११ आलं. २०२२ च्या ३.१० पासून नवीन मॉड्यूल ‘ग्नू रेडिओ’ या पॅकेजच्या आत बसतं, म्हणजे नुसतं ‘इम्पोर्ट हाउटू’ (हाउटू हे उदाहरणाचं मॉड्यूल) चालत नाही, ‘फ्रॉम ग्नूरेडिओ इम्पोर्ट हाउटू’ लिहावं लागतं. एखाद्या रिपॉझिटरीत स्विगचं फोल्डर दिसलं तर ते ३.८ किंवा त्याआधीचं आहे. ते ३.१० वर ओढूनताणून बसवण्यात आठवडे घालवू नका. तुमच्या व्हर्जनची ब्रँच आहे का बघा. नसेल तर मॉडटूलने (मॉड्यूलचा साचा बनवणारी ग्नू रेडिओची कमांड) कोरं मॉड्यूल तयार करून फक्त आतला कोड त्यात हलवा.

आता मुख्य सापळा. त्याबद्दल जरा जास्तच लिहितोय, कारण यात भलेभले अडकतात. एपीटीने (उबुंटू-डेबियनवरचं इन्स्टॉल करायचं साधन) टाकलेलं ग्नू रेडिओ ‘/यूएसआर’ मध्ये असतं. सोर्समधून बांधलेली कुठलीही गोष्ट, वेगळं काही सांगितलं नाही तर, ‘/यूएसआर/लोकल’ मध्ये जाते. भरीला कोंडा (स्वतंत्र पायथन आणि पॅकेजेस ठेवणारं साधन) असेल तर त्याचा आणखी वेगळा पायथन. टर्मिनलमध्ये ‘विच -ए ग्नूरेडिओ-कंपॅनियन’ चालवा. दोन वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या प्रती दिसल्या तर तिथेच थांबा, एक काढून टाका आणि मगच पुढे जा. एकच असेल तर ‘ग्नूरेडिओ-कॉन्फिग-इन्फो --प्रीफिक्स’ विचारा (प्रीफिक्स म्हणजे इन्स्टॉलचं मूळ फोल्डर) आणि जे उत्तर येईल तेच ‘सीमेक इन्स्टॉल प्रीफिक्स’ म्हणून सीमेकला (बांधणीची तयारी करणाऱ्या साधनाला) द्या. कोंडात काम करत असाल तर तिथे कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटचा पाथ द्यायचा.

मग ‘मेक इन्स्टॉल’ छापतं त्या ओळी वाचा. हो, प्रत्येक ओळ. पायथनच्या फाइली नेमक्या कुठल्या फोल्डरमध्ये गेल्या ते त्यात लिहिलेलं असतं. दुसऱ्या खिडकीत पायथन उघडून ‘सिस.पाथ’ (पायथन मॉड्यूल शोधतो त्या फोल्डरांची यादी) छापा. फाइली ज्या ‘ग्नूरेडिओ’ फोल्डरमध्ये गेल्या, त्याच्या वरचं फोल्डर या यादीत नसेल तर मॉड्यूल सापडणारच नाही. उबुंटू आणि डेबियनवर हे हमखास होतं, कारण त्यांचा पायथन ‘डिस्ट-पॅकेजेस’ मध्ये शोधतो आणि फाइली बरेचदा ‘साइट-पॅकेजेस’ मध्ये पडतात. ‘पायथनपाथ’ सेट केला की तात्पुरतं भागतं, पण मेन्यूतून उघडलेल्या कंपॅनियनला टर्मिनलमधला तो पाथ माहीत नसतो. प्रीफिक्स बरोबर देणं हाच खरा इलाज.

टेस्ट मग कशी पास होते? ‘सीटेस्ट’ (टेस्ट चालवणारी कमांड) चालतो तो बिल्ड फोल्डरमधून. टेस्टच्या स्क्रिप्ट स्वतःच पाथ लावतात आणि बिल्डमधल्या फाइली वापरतात. इन्स्टॉल झालेल्या प्रतीशी त्यांचा काही संबंध नसतो. म्हणून पास झालेली टेस्ट लॉजिकबद्दल सांगते, इन्स्टॉलेशनबद्दल नाही.

याच सापळ्याचा दुसरा पदर फार फसवा आहे. मॉडटूलने बनवलेल्या ‘इनिट’ फाइलमध्ये सी++ बाइंडिंगचा (सी++ कोड पायथनला जोडणाऱ्या भागाचा) इम्पोर्ट ‘ट्राय’ मध्ये ठेवलेला असतो, आणि ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आला तर तो गुपचूप सोडून दिला जातो. नुसत्या पायथनवर चालणाऱ्या मॉड्यूलसाठी ही सोय आहे. पण बाइंडिंगची एसओ (कंपाइल झालेली) फाइल दुसऱ्या पायथनसाठी बांधली गेली असेल, तर तुमच्या पायथनला ती दिसतच नाही आणि खरा एरर गिळला जातो. समोर येतं ते वेगळंच: ‘मॉड्यूल हाउटू हॅज नो अ‍ॅट्रिब्यूट स्क्वेअर_एफएफ’. स्क्वेअर_एफएफ हे ब्लॉकचं नाव, म्हणून माणूस ते नावच तपासत बसतो. इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमध्ये जाऊन एसओ फाइलचं नाव बघा. त्यात ‘सीपायथन-३१०’ सारखा शिक्का असतो. तो तुमच्या पायथनच्या व्हर्जनशी जुळत नसेल तर निदान झालं. ‘ट्राय’ तात्पुरता काढून इम्पोर्ट थेट चालवला तर खरा एररही दिसतो. उपाय: बिल्ड फोल्डर पूर्ण पुसा, कारण सीमेकच्या कॅशमध्ये जुन्या पायथनचा पाथ बसलेला असतो, आणि योग्य पायथन दाखवून पुन्हा बांधा. पुसण्याआधी त्याच फोल्डरमधून ‘सुडो मेक अनइन्स्टॉल’ करायला विसरू नका. इन्स्टॉल झालेल्या फाइलींची यादी तिथेच असते. ती गेली की जुन्या फाइली हाताने शोधून काढाव्या लागतात.

एवढं समजलं की बाकीचे एरर त्या मानाने सरळ आहेत. ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ आला तर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवा, म्हणजे लायब्ररींची यादी ताजी होते. ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ आला तर ते लांबलचक नाव ‘सी++फिल्ट’ ला द्या, फंक्शनचं वाचता येईल असं नाव मिळेल. बहुतेकदा ते हेडरमध्ये जाहीर केलेलं असतं पण लिहिलेलं नसतं, किंवा हाताने बनवलेली सीसी फाइल ‘लिब’ मधल्या सीमेकलिस्टमध्ये घालायची राहिलेली असते. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी अशा अपुऱ्या अवस्थेतही लिंक होते, त्यामुळे ‘मेक’ तक्रार करत नाही.

‘बाइंडिंग्ज आर आउट ऑफ सिंक’ या एररने घाबरू नका. बाइंडिंगच्या फाइलमध्ये हेडरचा एमडी५ हॅश (मजकुराचा ठसा) लिहिलेला असतो, आणि हेडरमधली साधी कॉमेंट बदलली तरी तो बदलतो. ‘जीआर_मॉडटूल बाइंड’ आणि पुढे ब्लॉकचं नाव, एवढं पुरतं. त्यासाठी पायजीसीसीएक्सएमएल आणि कास्टएक्सएमएल ही हेडर वाचणारी साधनं लागतात. ते चालत नसतील तर बाइंडिंगमध्ये बदल हाताने करून नवा हॅश ‘एमडी५सम’ ने काढून लिहा. फंक्शनचे पॅरामीटर बदलले असताना नुसता हॅश बदलणं मात्र स्वतःची फसवणूक आहे.

‘मेक -जे८’ मध्येच ‘किल्ड’ म्हणून मेला तर रॅम संपली आहे. पायबाइंडच्या फाइली कंपाइल होताना भरपूर मेमरी खातात. ‘-जे२’ ने चालवा, वेळ लागेल पण पूर्ण होईल.

ब्लॉक चालतो पण फ्लोग्राफ गप्प बसतो, असं झालं तर मात्र कोडकडे वळा. जनरल प्रकारच्या ब्लॉकमध्ये ‘कन्झ्यूम_ईच’ (किती इनपुट वापरलं ते सांगणारं फंक्शन) लिहायचं राहिलं की तेच ते इनपुट पुन्हा पुन्हा समोर येत राहतं. इनपुट आणि आउटपुटचं प्रमाण एकास एक असेल तर सरळ सिंक ब्लॉक घ्या. जनरल ब्लॉक घेण्यात काही मोठेपणा नाही.

हार्डवेअरचं थोडक्यात. आरटीएल-एसडीआर (स्वस्त यूएसबी रेडिओ रिसीव्हर) ‘क्लेम इंटरफेस एरर -६’ देत असेल तर कर्नलचा टीव्ही ड्रायव्हर किंवा दुसरा एखादा प्रोग्रॅम त्यावर बसलाय. टीव्ही ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करा. ‘ओपन एरर -३’ म्हणजे परवानगी नाही, यूडेव्हचे (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणारे) नियम टाका. सगळं सुडोने चालवायची सवय लावून घेऊ नका, त्यातून पाथचे नवे घोळ सुरू होतात.

एका ओळीत सगळं बसवून देणाऱ्या स्क्रिप्टबद्दल माझं मत वाईट आहे. ती कुठे काय टाकते हे तुम्हाला कळत नाही, आणि बिघडल्यावर नेमकं तेच कळायला हवं असतं. पिपला (पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या कमांडला) ‘ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ देणंही त्यातलंच. त्याने नवा नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) होम फोल्डरमध्ये येतो आणि जुन्या नमपायवर बांधलेलं ग्नू रेडिओ इम्पोर्टलाच कोसळू शकतं. ‘सगळं पुसून पुन्हा टाक’ एवढंच सांगणारा सीनियरही फारसा उपयोगाचा नाही. तुमच्या एररची पहिली ओळ वाचणारा माणूस शोधा, आणि त्याच्याकडे जाताना ग्नू रेडिओचं व्हर्जन, प्रीफिक्स, ‘विच -ए’ चं उत्तर, सिस.पाथ, एसओ फाइलवर चालवलेल्या ‘एलडीडी’ (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चं आउटपुट आणि न कापलेला संपूर्ण एरर सोबत न्या. शेवटच्या ओळीचा फोटो पुरत नाही, कारण पायथनच्या एररमध्ये कुठली फाइल कुठल्या फोल्डरमधून उचलली गेली ते वरच्या ओळींत असतं.