पुण्याहून कीताक्यूशूला जाताना

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामा शहराच्या ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारले आहे, ती बाग ओसाकाहून कीताक्यूशूतील कोकुराकडे जाणाऱ्या शिनकानसेन या अतिवेगवान रेल्वेच्या वाटेवरच आहे. म्हणून पुणेकरांनी मुंबई किंवा दिल्लीमार्गे ओसाका गाठून, वाटेत मूळ बाग पाहून कोकुरा स्थानकावर उतरावे, हे मला सर्वांत योग्य वाटते.

कीताक्यूशू हे १९६३ मध्ये पाच शहरे एकत्र करून घडवलेले औद्योगिक बंदर आहे. शहरातील यावाता येथील पोलाद कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला. त्याचे जुने मुख्य कार्यालय २०१५ पासून जागतिक वारसा यादीत असले, तरी ते चालू कारखान्याच्या आवारात असल्याने ठरावीक जागेवरूनच पाहता येते. हिगाशिदा भागातली जुनी झोतभट्टी मात्र जवळून पाहावी.

पूर्ण एक दिवस शहरातल्याच मोजी बंदरासाठी राखून ठेवावा. १९१४ चे लाकडी रेल्वेस्थानक पाहून, भातावर करी व चीज घालून भट्टीत भाजलेली याकी-करी खावी आणि मग समुद्राखालच्या ७८० मीटर लांबीच्या पादचारी बोगद्यातून चालत शेजारच्या होन्शू बेटावर जावे.

कोकुरात भाताच्या कोंड्याच्या मुरवलेल्या मिश्रणात शिजवलेले तारली-बांगड्यासारखे मासे, म्हणजेच नुकादाकी, अवश्य चाखावेत. शाकाहारी प्रवाशांनी मात्र भाज्यांच्या रश्शातही बहुधा माशांचा अर्क असतो हे ध्यानात ठेवून, आपली पथ्ये जपानीत लिहिलेला कागद जवळ बाळगावा आणि मागणी नोंदवण्यापूर्वीच तो दाखवावा.