पावसाआधी शेडमधला शेजार तपासा

पहिला पाऊस यायच्या आधीचे पंधरा दिवस शेडमध्ये सगळ्यात जास्त गर्दी असते. पेरणीचं खत येऊन पडलेलं, ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवलेल्या, विहिरीसाठी ब्लीचिंग पावडर आणलेली, पंपाचं डिझेल, कोपऱ्यात भुशाची पोती. जागा मिळेल तिथे माल लागतो. या धावपळीत कोण कुणाशेजारी बसलं ते कुणी बघत नाही, आणि पावसाआधी एवढी एकच गोष्ट बघितली तरी निम्मा धोका टळतो.

यातल्या काही मालाचा स्वभाव वेगळा आहे. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपलं तेरा-शून्य-पंचेचाळीस, कॅल्शियम नायट्रेट, अमोनियम नायट्रेट, ब्लीचिंग पावडर, ठिबक धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड, कोंबड्यांच्या शेडमध्ये वापरायचं पोटॅशियम परमँगनेट हे सगळे ऑक्सिडायझर. ते स्वतः पेट घेत नाहीत, पण जळणाऱ्या वस्तूला ऑक्सिजन पुरवतात. हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, म्हणून ओंडका सावकाश जळतो. ऑक्सिडायझर मुरलेलं लाकूड किंवा गोणपाट मात्र भडकतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण बैलांबद्दल म्हणतो. इथे गुण लागतो तो शेजारच्या मालाला.

ओळखायला सोपं आहे. बॅगेवर किंवा कॅनवर वर्तुळावर ज्वाळा असं चित्र असेल, किंवा पिवळ्या चौकोनात 5.1 हा आकडा असेल, तर तो माल ऑक्सिडायझर आहे. युरिया, डीएपी आणि पोटॅश म्हणजे म्युरिएट या यादीत येत नाहीत. पण युरियाची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

एका शेडमध्ये मी पाहिलेली थप्पी अजून डोळ्यांसमोर आहे. खाली तेरा-शून्य-पंचेचाळीसच्या बॅगा, त्यांवर फवारणीच्या गंधकाची पुडकी. उंदरांनी दोन्हींना भोकं पाडलेली आणि पांढऱ्या-पिवळ्या भुकटीचा ढीग खाली सांडलेला. मालक म्हणाला, "दोन्ही खतंच की." पोटॅशियम नायट्रेटचं जुनं नाव सोरा. सोरा, गंधक आणि कोळसा यांचीच बंदुकीची दारू होते. त्या ढिगात कोळसा नव्हता एवढंच, पण शेजारी भुसा होता. अशी सांडलेली भुकटी दिसली तर घासत झाडू नका, लोखंडी फावडं फरशीवर ओढू नका. पाणी शिंपडून ओली करा आणि ओलीच गोळा करा.

तेव्हा लावणी अशी करा. नायट्रेटची खतं एका बाजूला, गंधक, डिझेल, ऑइल, ग्रीस, कडबा, भुसा आणि रिकामी पोती दुसऱ्या बाजूला. मधे भिंत असेल तर उत्तम, नाहीतर शक्य तेवढं मोकळं अंतर. ब्लीचिंग पावडर या दोन्हींपासून लांब, आणि कुठल्याही ॲसिडपासून तर वेगळ्याच खोलीत. भिंतीपासून हातभर सोडून, जमिनीवरून उचलून ठेवा. लाकडी फळ्या वापरत असाल तर सांडलेलं खत त्यांत मुरू देऊ नका. नायट्रेट प्यायलेली फळी वाळली की ठिणगीची वाट बघत बसते. थप्पीच्या बरोबर वर बल्ब किंवा वायरचा जोड नको.

अमोनियम नायट्रेटचं प्रकरण इतरांपेक्षा गंभीर आहे, कारण ते स्वतःही फुटू शकतं. साधारण 170 अंश सेल्सिअसला ते वितळतं, त्यापुढे तापत गेलं की विघटन होऊन विषारी तपकिरी वायू निघतात. कोंडलेल्या जागेत किंवा डिझेल, भुसा, गंधक मिसळलेलं असताना तापलं तर स्फोट होतो. पावसाळ्यात त्याचा दगड होतो आणि मग कुणीतरी घण घेऊन फोडायला बसतं. जर्मनीतल्या ओपाऊच्या कारखान्यात अमोनियम सल्फेट आणि नायट्रेटच्या मिश्र खताचा असाच डोंगर घट्ट झाला होता. तो सुटा करायला छोटे सुरुंग लावायची तिथली रीतच होती, हजारो वेळा केलेली. 21 सप्टेंबर 1921 ला त्याच रीतीने केलं आणि 500 हून जास्त माणसं गेली. "आजवर काही झालं नाही" हे वाक्य मी ऐकतो तेव्हा मला ओपाऊ आठवतं. दगड झालेली बॅग फोडायची नाही. ती पुरवठादाराला परत द्या. नायट्रेटचं कुठलंही खत घट्ट झालं असेल तर घण आणि आच दोन्ही लांब ठेवा.

आता युरियाची गोष्ट. अमोनियम नायट्रेट आणि युरिया यांची भुकटी एकमेकांत मिसळली तर ते मिश्रण हवेतलं पाणी अधाशासारखं ओढतं. 30 अंशांना हवेची आर्द्रता 18 टक्क्यांच्या वर असली की पुरे, आणि पावसाळ्यात ती त्याच्या कितीतरी पट असते. दोन्ही बॅगांचा चिखल होतो. उरलेलं खत "एकाच पोत्यात भरून टाक" असं गड्याला सांगण्याआधी हे लक्षात असू द्या.

ब्लीचिंग पावडरीकडे वळतो, कारण या दिवसांत ती बहुतेक शेतांवर असते आणि तिला कुणी फारसं घाबरत नाही. चांगल्या ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के उपलब्ध क्लोरीन असतं. ऊन, उजेड आणि दमट हवा लागली की ते उडून जातं. पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये उघडं पोतं ठेवलं की दोन गोष्टी होतात: पावडर निकामी होते, आणि उडालेल्या क्लोरीनने शेजारच्या फवारणी पंपाचे बोल्ट, मोटारीच्या वायरी गंजतात. सामान एकाएकी गंजायला लागलं तर आधी ब्लीचिंगचं पोतं शोधा. थोडी आणा, सावलीत घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, संपली की पुन्हा आणा.

विहिरीत टाकताना अंदाजाने ओंजळभर टाकायची नाही. पाण्याचा हिशोब सोपा आहे. विहिरीचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 3.14, भागिले 4, सगळं मीटरमध्ये. उत्तर घनमीटरमध्ये येतं, आणि एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. 1000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. 4 मीटर व्यासाच्या विहिरीत 5 मीटर पाणी असेल तर 62,800 लिटर होतात, म्हणजे 157 ग्रॅम. गढूळ पाण्याला जास्त लागते. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा, पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. पिण्यासाठी पाणी तासाभरानंतर काढा. हे सगळं काठावरून, वाऱ्याकडे पाठ करून करा. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, तो खाली जाऊन साचतो. क्लोरीन टाकलेल्या विहिरीत गाळ काढायला कुणाला उतरवू नका.

खरी गफलत होते ठिबकवर. शेवाळ आणि चिकट घाण काढायला क्लोरीन, क्षारांचा थर काढायला ॲसिड, दोन्ही गरजेचे. म्हणून कुणीतरी एकाच टाकीत दोन्ही ओततं आणि काही सेकंदांत पिवळट-हिरवट वायू बाहेर येतो. हा क्लोरीन वायू. फुप्फुसं जाळायला दोन-चार दमदार श्वास पुरतात. ॲसिडची प्रक्रिया एका दिवशी, लाइन स्वच्छ पाण्याने पूर्ण धुवायची, क्लोरीनची दुसऱ्या दिवशी. टाकी, मग, नळी, सगळं वेगळं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

ज्या टाकीतून काल युरिया किंवा अमोनियम सल्फेट सोडलं तिच्यात आज ब्लीचिंग कालवणं हीसुद्धा तशीच चूक आहे. क्लोरीन आणि अमोनिया, युरिया यांच्या संयोगाने क्लोरामाइनचे विषारी वायू होतात, आणि प्रमाण चुकलं तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा स्फोटक पदार्थही. टाकीच्या बुडाला राहिलेलं चार बोटं पाणीही काढून टाका. शिवाय ब्लीचिंग पावडरीतल्या कॅल्शियममुळे ड्रिपर चोंदतात, म्हणून ठिबकला सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण बरं. आणखी एक: तलावासाठी किंवा टाकीसाठी मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या ब्लीचिंग पावडरीसारख्याच दिसतात, पण बऱ्याचदा त्या ट्रायक्लोरोआयसोसायन्यूरिक ॲसिडच्या असतात. दोन्ही एका डब्यात, एका मापाने घेऊ नका. ओल लागली की स्फोट होऊ शकतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड क्लोरीनपेक्षा सौम्य वाटतं, कारण मागे फक्त पाणी आणि ऑक्सिजन उरतो. पण तो ऑक्सिजन किती? 50 टक्क्यांच्या एका लिटरमधून जवळपास 200 लिटर. गंज, तांबं, माती, पालापाचोळा यांचा कण आत गेला तरी विघटन सुरू होतं. म्हणूनच मूळ कॅनच्या झाकणाला हवा सुटायची सोय असते. ते झाकण बदलू नका, कॅन आडवा ठेवू नका, लोखंडी डब्यात किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढू नका. कॅन फुगलेला किंवा गरम लागला तर हात लावू नका, माणसं लांब करा आणि लांबूनच पाणी मारून थंड करा. मापात जास्त घेतलेलं परत कॅनमध्ये ओतायचं नाही, भरपूर पाण्यात सोडून द्यायचं. हातावर पडलं तर चामडी पांढरी पडून चुणचुणते. लगेच नळाखाली धरा.

कोंबड्यांची नवी खेप यायच्या आधी शेडला धुरी देणाऱ्यांनी क्रम पाठ करावा. आधी भांड्यात परमँगनेट, मग त्यावर फॉर्मेलीन, म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्माल्डिहाइड. उलटं केलं तर मिश्रण उसळून अंगावर येतं. भांडं खोल, धातूचं किंवा मातीचं, प्लॅस्टिकचं नाही, कारण ते खूप तापतं. भोवतीचं तूस बाजूला करा. दरवाजापासून सगळ्यात लांबच्या भांड्यापासून सुरुवात करा, म्हणजे धूर मागे आणि तुम्ही दाराकडे. फॉर्माल्डिहाइडने कर्करोग होतो हे सिद्ध आहे, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून हे काम होत नाही. कापडाने कुठलाच वायू अडत नाही. वायूसाठीचा काडतुसाचा मास्क, चष्मा, रबरी हातमोजे आणि बाहेर उभा असलेला दुसरा माणूस हवा. परमँगनेट आणि ग्लिसरीन एकत्र आले तर काडीशिवाय पेटतात, म्हणून जनावरांच्या औषधांच्या कपाटात परमँगनेट नको.

कपड्यांबद्दल एक खरी हकिकत. 1930 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये रॅगवर्ट नावाचं तण मारायला शेतकरी सोडियम क्लोरेट फवारत. हाही जबरदस्त ऑक्सिडायझर. फवारा पँटीवर उडे, कापडात मुरे, आणि वाळलं की ती पँट म्हणजे वातच. शेकोटीसमोर वाळत घातलेल्या विजारी फटफट फुटल्या. ऐकायला गंमत वाटते, पण काही जण भाजले. कुठल्याही ऑक्सिडायझरने भिजलेले कपडे काढून आधी पाण्यात बुडवा, ओले तसेच चुलीजवळ किंवा दोरीवर टाकू नका. ते काम सुरू असताना विडी-सिगारेट खिशातही नको. चामड्याचे आणि सुती हातमोजेही याच कारणाने बाद.

सांडलेल्या द्रव ऑक्सिडायझरवर लाकडाचा भुसा किंवा चिंध्या टाकायची सवय सगळ्यांना असते. इथे ती सवय आग लावते. कोरडी स्वच्छ वाळू वापरा. सांडलेली ब्लीचिंग पावडर कोरड्या स्वच्छ फावड्याने वेगळ्या कोरड्या डब्यात भरा, मूळ पोत्यात परत नाही आणि कचऱ्यातही नाही.

आग लागलीच तर गोणपाट, माती टाकून ती गुदमरत नाही. ऑक्सिजन आतच आहे. पाणीच लागतं, तेही भरपूर, आणि लांबून. ब्लीचिंगच्या आगीवर भुकटीचं एबीसी अग्निशामक मारू नका, त्यात अमोनियम फॉस्फेट असतं. नायट्रेटची मोठी थप्पी पेटली असेल तर विझवायला जाऊच नका, सगळ्यांना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने लांब न्या आणि अग्निशमन दलाला आत काय आहे ते आधी सांगा. अमेरिकेत टेक्सासमधल्या वेस्ट या गावी 17 एप्रिल 2013 ला खताच्या गोदामाला आग लागली. लाकडी इमारत, लाकडी कप्पे, त्यांत अमोनियम नायट्रेट. आगीची वर्दी मिळाल्यावर वीसेक मिनिटांत स्फोट झाला. 15 जण गेले, त्यांतले बहुतेक आग विझवायला धावलेले होते.

डोळ्यांत गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान 15 ते 20 मिनिटं पाणी, त्यानंतरच दवाखाना. लिंबू, व्हिनेगर, सोडा असलं काही लावू नका. पोटात गेलं तर उलटी काढू नका. वायू छातीत गेलेल्या माणसाला मोकळ्या हवेत बसवा, आणि "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी डॉक्टरांना दाखवा. क्लोरीन आणि नायट्रेटच्या धुराने फुप्फुसांत पाणी व्हायला कधी कधी बरेच तास जातात. डबा किंवा बॅगेचा फोटो सोबत न्या.

रिकाम्या बॅगांचं काम शेवटी येतं आणि तेच राहून जातं. नायट्रेटच्या बॅगा पाण्याने तीनदा धुवा, धुवण शेतात सोडा, विहिरीजवळ नाही. चुलीला जाळायला त्या वापरू नका, धुतलेल्यासुद्धा नाहीत. कडब्यावर झाकायलाही नाहीत. पेरॉक्साइडचे कॅन धुऊन, झाकण काढून, भोक पाडूनच भंगारात द्या. नाहीतर पुढच्या महिन्यात त्यातच कुणीतरी डिझेल भरून आणतो.