तापी पांढरीच राहिली, तेव्हा

शाळेच्या भिंतीवर लावायला तापीच्या उपनद्यांचा आलेख ग्राफव्हिजमध्ये (लिहिलेल्या ओळींवरून आकृती काढून देणारा प्रोग्राम) काढत होतो. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा तापीला मिळतात, मोसम गिरणेला. काम सोपं वाटलं होतं.

पहिल्या चित्रात तापी, पूर्णा, वाघूर लंबगोल आणि गिरणेपासून पुढचे सगळे चौकोन! अर्धा तास डोकं खाजवलं. मग दिसलं, नोडची (म्हणजे आकृतीतल्या एकेका नावाच्या चौकटीची) शेप ठरवणारी 'नोड' ही ओळ मी फाइलच्या मधोमध टाकली होती. ती फक्त आपल्यानंतर आलेल्या नोडना लागू होते. वर नेली, सगळे चौकोन झाले. (आईनं तोवर दोनदा भाकरी-भरीत गार झाल्याची आठवण दिली.)

निळा फिलकलर दिला तरी नद्या पांढऱ्याच. स्टाइलमध्ये 'फिल्ड' लिहिल्याशिवाय तो रंग भरत नाही, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

'हतनूर धरण' चौकटीबाहेर सांडत होतं, कारण एकसारख्या आकाराच्या हट्टापायी मी फिक्स्डसाइज चालू ठेवलं होतं. ते काढलं, मार्जिन थोडं वाढवलं. फॉन्ट मात्र नोडना दिला तरी रेषांवरच्या नावांना लागत नाही, 'एज'च्या (म्हणजे जोडणाऱ्या रेषांच्या) ओळीत वेगळा द्यावा लागला.